धरलेली जागा

१

सहलीच्या जहाजावरच्या माणसांना एक खोड असते. सकाळी तोंडसुद्धा न धुता वर पोहण्याच्या तलावाशी यायचं, सावलीतल्या चांगल्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकायचे, वर एखादी चप्पल नाहीतर अर्धवट वाचलेली कादंबरी ठेवायची, आणि मग खाली जाऊन दुपारपर्यंत निवांत खात बसायचं. अर्धा तास कुणी फिरकलं नाही तर सामान उचललं जाईल, अशी पाटी तिथेच लावलेली असते. ती पाटी कुणी वाचत नाही आणि सामानही कुणी उचलत नाही. कोरिन हॉस्टेटलरचं या प्रकाराने डोकं फिरायचं.

ओहायोतल्या डेटनमध्ये एका दंतवैद्याकडे ती दात साफ करायचं काम करत होती. दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून पिवळं किटण खरवडायचं, त्यामुळे घाण तिला नवी नव्हती. पण हातमोजे घालून काढलेली घाण वेगळी आणि सुट्टीत अंगाला लागणारी वेगळी. त्यात ही सुट्टी तिने जीव लावून ठरवलेली. ग्लेनशी लग्न होऊन जेमतेम वर्ष होत होतं. त्याची मुलगी लीडिया अकरा वर्षांची. सख्खी आई तिला रांगती असतानाच टाकून ॲरिझोनाला निघून गेली होती, वाढदिवसाला फोनसुद्धा करत नव्हती. तरी ती रिकामी जागा लीडिया कुणाला द्यायला तयार नव्हती. ती कोरिनला कोरिन म्हणायची आणि हात लागला की खांदा काढून घ्यायची.

सहलीसाठी तिघांनी एकसारखे निळे टी-शर्ट छापून घेतले होते, सगळीच कुटुंबं घेतात. ग्लेनच्या पाठीवर ‘डॅड’. कोरिनच्या पाठीवर काय छापायचं यावरून घरात बरीच धुसफुस झाली आणि शेवटी ‘कोरिन’ छापलं. कोरिन हसून म्हणाली, बरंच झालं, हरवले तर नावाने हाक मारता येईल. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. एका खोलीत, एका टेबलावर आठवडाभर राहिलं की पोरगी थोडी तरी जवळ येईल, एवढीच तिची आशा होती.

बंदर सोडल्यावरचा पहिला दिवस नुसत्या समुद्राचा होता. तलावाशी पाय ठेवायला जागा नाही. पाण्यात माणसं डाळीसारखी शिजत पडलेली, काठावर कुणाच्या तरी पायावरच्या जखमेची पट्टी चिकटलेली. सावलीत सलग तीन खुर्च्या दिसल्या. दोन रिकाम्या, तिसरीवर जहाजाचाच पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल आणि खाली टाचेला झिजलेल्या रबरी चपला.

“मी आणि डॅड बसतो इथे,” लीडिया म्हणाली. “तू दुसरीकडे कुठे तरी बघ ना.”

हे कोरिनला लागलं. ती तिथेच उभी राहिली, अर्धा तास पुरा होऊ दिला. कुणी आलं नाही. टॉवेल वाटणाऱ्या पोऱ्याला तिने सांगून पाहिलं, तो हो हो म्हणाला आणि घड्या घालत राहिला. मग तिने तो टॉवेल स्वतःच चिमटीत धरून उचलला.

तो चिंब होता. भर उन्हाच्या वाऱ्यात पडून जड, ओला, आणि कोमट. उन्हाने तापलेला नव्हे, आत्ताच कुणाच्या अंगावरून ओढून काढावा तसा कोमट. तुंबलेल्या मोरीचा वास आला. खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर एका पाठीचा ओला ठसा होता आणि त्यात लांब केस चिकटलेले होते.

“शी,” कोरिन म्हणाली. टॉवेल तिने मळक्या कपड्यांच्या टोपलीत फेकला, चपलाही फेकल्या, खुर्ची पुसून काढली आणि आपला टॉवेल अंथरून दोघांच्या शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने लीडियाने तिच्या ताटलीतले बटाट्याचे काप न विचारता उचलले, तेव्हा तिला सगळं भरून पावल्यासारखं झालं. फक्त पाठीखालची खुर्ची काही शेवटपर्यंत सुकली नाही.

२

जेवणाचं टेबल आठवडाभर ठरलेलं असतं, वाढपीही तोच. त्यांचं टेबल चौघांचं, खिडकीशी होतं. आर्नेल नावाचा हसरा वाढपी होता. कोण काय पितं ते त्याने आल्या संध्याकाळीच पाठ केलं होतं. कोरिनचा बर्फाचा चहा, लिंबाशिवाय.

त्या संध्याकाळी कोरिन आपल्या खुर्चीवर टेकली आणि ताडकन उठली. गादी चिंब ओली होती. स्कर्टमधून ओल मांड्यांपर्यंत गेली, तीच कोमट, तोच मोरीचा वास.

“कोरिनने शू केली,” लीडिया खुदकन हसली.

ग्लेनने तिला दटावलं, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. कुणीतरी पाण्याचा जग लवंडला असेल, तो म्हणाला, एवढं काय त्यात. कोरिन समोरच्या चौथ्या खुर्चीवर जाऊन बसली. आर्नेल आला, हसला आणि बर्फाचा चहा त्या ओल्या खुर्चीपुढे ठेवला. मग सूपही तिथेच ठेवलं आणि वाकून त्या खुर्चीला विचारलं, मिरपूड घालू का, मॅडम?

“मी इकडे आहे,” कोरिन म्हणाली.

“हो, मॅडम,” तो म्हणाला. मान मात्र त्याने वळवली नाही.

माणूस दमला असेल, तिने मनाची समजूत घातली. इतकी टेबलं, इतके चेहरे, सवयीने हात जातो. ग्लास तिने स्वतःच ओढून घेतला. तोंडाला लावणार तेवढ्यात काठ दिसला. काठावर ओशट ओठांचा ठसा होता आणि चहात पांढरं काहीतरी तरंगत होतं, दुधावरच्या सायीचा तुकडा असावा तसं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा खेकड्याची नांगी चोखत होते. तो आवाज ऐकून कोरिनने ग्लास दूर सरकवला. ती नुसताच पाव चिवडत बसली.

३

सहलीच्या शेवटच्या टप्प्यात मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर उतरल्यावर पाण्याखालचे मासे पाहायला जायचं ठरलं होतं. धक्क्यावर आल्यावर लीडियाने बापाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ग्लेन ओशाळं तोंड करून कोरिनपाशी आला. आज फक्त आम्ही दोघंच गेलो तर चालेल का? कोरिन म्हणाली, जा की, मला दुकानं बघायचीच आहेत. दुकानांत तिचं मन लागलं नाही. ती लवकर परतली.

जहाजावर चढताना खोलीचं कार्ड यंत्राला लावायचं असतं. पडद्यावर आपला फोटो येतो आणि टुंग वाजतं. या वेळी ते वाजलं नाही, नुसतंच घरघरलं. पहाऱ्यावरच्या जाड बाईने पडद्याकडे पाहिलं, मग कोरिनकडे.

“तुम्ही तर मघाशीच आत आलात.”

“मी आत्ता येतेय.”

बाईने पुन्हा पाहिलं. फोटो कोरिनचाच होता. मग बाई हसली, उन्हाने यंत्राचंही डोकं तापतं म्हणाली, आणि तिला आत सोडलं.

खोलीत शिरताच वास आला. रोज संध्याकाळी खोली आवरणारा माणूस टॉवेलाची घडी घालून पलंगावर एखादं जनावर करून ठेवतो, कधी हत्ती, कधी हंस. आज कोरिनच्या उशीवर एक जनावर होतं. ते कुठलं ते काही केल्या कळेना. चार पायही नव्हते आणि मान भलतीकडेच वळलेली. त्याला कोरिनचा काळा चष्मा घातला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. खाली चादरीवर माणसाएवढी ओल पसरली होती, कुशीवर झोपल्यासारखी. तिने खोली आवरणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने दारातूनच नाक झाकलं. जनावरं मी संध्याकाळी करतो मॅडम, तो म्हणाला, आज मी या खोलीत आलोच नाही.

चादर बदलून तो गेल्यावर कोरिन हात धुवायला न्हाणीघरात गेली. तिचा दात घासायचा ब्रश ओला होता. तिने तो दिव्यापाशी धरला. केसांच्या मुळाशी राखाडी-पिवळा लगदा अडकला होता, त्यातून बुळबुळीत तंतू लोंबत होते. हे तिचं रोजचं काम. किटण बघून ती माणसाचं वय अंदाजाने सांगायची, तंबाखू खातो की नाही ते सांगायची. हा लगदा एका तोंडातला होता आणि त्या तोंडात आजवर कधी ब्रश गेला नव्हता. तिने तो कचऱ्यात टाकला आणि बेसिनवर वाकून पोटातलं होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.

४

ग्लेन म्हणाला, समुद्रावर सगळंच दमट असतं. खोली बदलून मागू का, असंही म्हणाला. जहाज भरलेलं होतं, एकही खोली रिकामी नव्हती. तो बिचारा समजूतदार माणूस, पण समजूत घालता घालता त्याची नजर टीव्हीवरच्या फुटबॉलच्या सामन्याकडे जात होती. कोरिनलाही आपलंच चुकतंय असं वाटायला लागलं. धंद्यामुळे आपल्याला घाण जरा जास्तच दिसते, झालं. आवरणाऱ्या माणसाला आळस आला असेल, ब्रश लीडियाने चुकून घेतला असेल. असल्या कारणांवर ती सकाळपर्यंत तग धरून होती.

सकाळी ती वर कॉफी आणायला गेली. परत आली तर लीडिया पलंगावर बसून आरशात बघत होती. तिच्या केसांची वेणी घातलेली होती, सुबक, घट्ट, मानेपासून टोकापर्यंत एक बट सुटलेली नाही. आणि वेणी ओली होती.

“मस्त घातलीस,” लीडिया म्हणाली. ती हसतही होती. “मी डोळे पण उघडले नाहीत, इतकं छान वाटत होतं. तुझे हात केवढे गार होते गं. पण ओढलंस नाही.”

कोरिन कॉफीचा पेला धरून उभी राहिली. वर्षभर तिने या केसांना हात लावायची वाट पाहिली होती. एकदा फणी घेऊन जवळ गेली होती, तर पोरीने दार लावून घेतलं होतं. आता ती पाठ करून बसली होती, आपणहून, वेणी पुढे-मागे हलवून दाखवत. मी नाही घातली, एवढंच तर म्हणायचं होतं.

“आवडली ना?” कोरिन म्हणाली.

“रोज घालशील?”

“घालीन की.”

तिने वाकून लीडियाच्या डोक्याचा मुका घेतला. लीडियाने अंग काढून घेतलं नाही. तुंबलेल्या मोरीचा भपकारा कोरिनच्या नाकात घुसला. तिने श्वास रोखून धरला, पण ओठ काही तिने मागे घेतले नाहीत.

५

दुपारी ती लीडियासाठी आइस्क्रीम आणायला वरच्या मजल्यावर गेली. कठड्याशी आली तर खाली तलाव दिसत होता आणि त्या तीन खुर्च्याही दिसत होत्या. एकीवर ग्लेन तोंडावर टोपी घेऊन घोरत होता. दुसरी लीडियाची. ती तिथे बसलेली नव्हती, तिसरीच्या कडेला टेकून उन्हाचं मलम लावत होती. तिसऱ्या खुर्चीवर कुणीतरी पालथं पडलं होतं.

डोक्यावर कोरिनची वेताची टोपी. टी-शर्ट निळा, पाठीवर वर सरकवलेला, खांद्यापाशी गोळा झाल्यामुळे ‘कोरिन’ हे नाव अर्धंच दिसत होतं. खालची पाठ पांढरीफटक, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली. लीडियाचा तळवा फिरेल तिकडे ती कातडी सरकत होती आणि मागे जागच्या जागी यायला वेळ लावत होती. मलम मुरत नव्हतं. पोरगी मन लावून चोळत होती, काहीतरी सांगत होती, मध्येच हसत होती. घरी ती इतकं कुणाशी बोलल्याचं कोरिनने पाहिलं नव्हतं.

मग ते डोकं हळूच वळायला लागलं. टोपीखालून तोंडाची नुसती कड दिसली, हिरड्यांची. कोरिनच्या हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं. ती माणसांना ढकलत जिन्यावरून खाली पळाली.

खुर्ची रिकामी होती. पट्ट्यांवरून पाणी ठिबकत होतं.

“आता काय विसरलीस?” लीडियाने विचारलं. “आत्ता तर गेलीस.”

तिच्या तळव्यांना पांढरे, पातळ पापुद्रे चिकटले होते. कोरिनने तिला मनगटाला धरून ओढत धुवायच्या नळापाशी नेलं आणि साबण लावून लावून तिचे हात चोळले, लाल होईपर्यंत. लीडिया आधी हसली, मग कळवळली, मग रडायलाच लागली.

“सोड ना. मघाशी किती चांगली होतीस. मी मॉम म्हटलं तरी तू काही बोलली नाहीस, मला वाटलं तुला बरं वाटलं.”

कोरिनचे हात थांबले.

“कधी म्हणालीस?”

“आत्ताच. मलम लावताना.”

“ती मी नव्हते, लीडिया. ऐक माझं, ती मी नव्हतेच.”

“मग सकाळची वेणी?”

कोरिनने नळ बंद केला. लीडियाने हात झटकले आणि ती बापाकडे निघून गेली, मागे वळून न बघता.

संध्याकाळी डेक रिकामा झाल्यावर कोरिन एक कोरा, सुका टॉवेल घेऊन त्या खुर्चीपाशी गेली. वेड्यासारखं वाटत होतं, तरी तिने तो नीट अंथरला, चारही कोपरे सारखे केले.

“घे बाई,” ती म्हणाली. “तुझी जागा तुला. मी चुकले. आमच्यातून जा.”

वारा नव्हता. टॉवेल तसाच कोरडा, पांढरा पडून राहिला. ती जागा आता कुणाला नकोच होती, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने हातांकडे पाहिलं. दिवसभरात ती पाण्यात उतरलीच नव्हती, पण बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. जीभ दातांवरून फिरली आणि दातांवर मऊ, बुळबुळीत थर लागला.

६

उतरायच्या सकाळी तिने दोनदा दात घासले. थर जात नव्हता. निळे टी-शर्ट घालून धक्क्यावर फोटो काढायचा होता, पण तिचा सापडलाच नाही, म्हणून तिने साधा पांढरा घातला. खालच्या दिवाणखान्यात आपापल्या गटाची हाक येईपर्यंत बसवतात. शेकडो माणसं, पिशव्या, रडणारी पोरं, कालच्या दारूचे ढेकर. कोरिन दोघांच्या मध्ये बसली होती. रात्री तिने ग्लेनला सगळं सांगितलं होतं. त्याने तिचा हात हातात घेतला, घरी गेल्यावर डॉक्टरला दाखवू म्हणाला आणि नंतर आपला हात नकळत चादरीला पुसला होता. लीडिया अजून गाल फुगवून होती. पण तिची वेणी विस्कटली होती आणि ती सारखी कोरिनकडे बघत होती.

“घालू का नीट?” कोरिनने विचारलं.

लीडियाने थोडा विचार केला आणि पाठ केली. कोरिनने वेणी सोडली. बट हातातून निसटत होती, पण तिने तीन पेड धरले आणि घातली, सैल, वेडीवाकडी, तिची स्वतःची. घालताना तिच्या तोंडात काहीतरी सुटलं. तिने जिभेने चाचपलं. पुढचा दात हलत होता आणि त्यामागून आंबूस पाणी पाझरत होतं. आता इथेच ओकारी होईल असं वाटून ती तोंडावर हात धरून उठली. दोनच मिनिटांत येते, ती म्हणाली. ग्लेनने मान हलवली.

बेसिनमध्ये ती चूळ भरत राहिली. पाणी राखाडी पडत होतं. आरशात तिने पाहिलं नाही, तोंडाला रुमाल लावून बाहेर आली.

तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मधली ओली होती.

ती धावत सुटली. जिन्यावर माणसं तिच्याकडे बघून अंग चोरत होती, वाट देत होती. दारापाशी तिने कार्ड यंत्राला लावलं. ते घरघरलं. पहाऱ्यावर तीच जाड बाई होती. तिने पडद्याकडे पाहिलं.

“या बाई उतरल्या,” ती म्हणाली. “आत्ताच. घरच्यांबरोबर.”

“तो माझा फोटो आहे.”

बाईने मान वर केली. ती या वेळी हसली नाही. खुर्ची मागे सरकवून तिने नाकाला हात लावला आणि जरा थांबा तिकडे, काचेशी, असं म्हणून साहेबाला बोलवायला गेली.

काचेतून खालचा धक्क्याचा बोळ दिसत होता. ग्लेन दोन बॅगा ओढत पुढे चालला होता, पाठीवर ‘डॅड’. त्याच्यामागे लीडिया. तिच्या शेजारी तिसरं कुणीतरी होतं. निळा टी-शर्ट अंगाला चिकटलेला, पाठीवर अख्खं ‘कोरिन’, मान जराशी भलतीकडे वळलेली. फरशीवर त्या पावलांमागे ओल उमटत होती. आणि लीडियाने त्या तिसऱ्याचा हात धरला होता. वर्षभरात तिने कोरिनचा हात एकदाही धरला नव्हता, रस्ता ओलांडतानासुद्धा नाही.

कोरिनने काचेवर दोन्ही तळवे आपटले. लीडिया, ती ओरडली, पण तोंडातून पाण्याचाच आवाज आला. तरी खाली तो पोचला असावा. लीडिया थांबली आणि वळून वर बघू लागली. ती सैल, वेडीवाकडी वेणी खांद्यावरून पुढे आली होती. तिने कोरिनला पाहिलं, नीट पाहिलं, तिचा चेहरा, हात, काचेवरून ओघळणारे पांढरे पापुद्रे.

मग तिने नाक मुरडलं.

“शी,” तिचे ओठ म्हणाले. तिने तो निळा ओला दंड दोन्ही हातांनी कवटाळला, त्यावर गाल टेकवला आणि बापाच्या मागे चालू लागली.